हॉलिडे मेंबरशिप रद्द करून घेताना: आमची अडीच वर्षं

डिसेंबर 2022 मध्ये मुलुंडच्या एका मॉलमध्ये मुलाने लकी ड्रॉचं कूपन भरलं. नाव, फोन नंबर, लग्न झालंय का, महिन्याचं उत्पन्न किती. तो तेव्हा सहावीत होता, त्याने सगळं वडिलांना विचारून मन लावून भरलं. तीन आठवड्यांनी फोन आला की तुम्हाला तीन दिवस दोन रात्रींचं गिफ्ट व्हाउचर लागलंय, रविवारी अंधेरीच्या एका हॉटेलात येऊन घेऊन जा. अट एकच, नवरा-बायको दोघांनी यायचं.

तो रविवार म्हणजे 15 जानेवारी 2023, संक्रांत. सासूबाईंनी तिळगुळाचा डबा सोबत दिला होता, कारण तिथून पुढे जोगेश्वरीला नणंदेकडे जायचं होतं. फोनवर म्हणाले होते पाऊण तास लागेल. अकराला आत गेलो ते साडेतीनला बाहेर आलो.

त्या साडेचार तासांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पुढची सगळी अडचण तिथेच तयार झाली. हॉलमध्ये पंचवीसेक टेबलं, प्रत्येक टेबलावर एक जोडपं आणि समोर एक मुलगा किंवा मुलगी. मोठ्या आवाजात गाणी. मधूनच माइकवर कोणाचं तरी नाव पुकारायचे आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायचा: अमुक कुटुंबाने मेंबरशिप घेतली! आमच्या टेबलावरचा मुलगा अगदी आपल्या घरातला वाटावा असा. त्याने आधी आम्हालाच बोलतं केलं. शेवटची सुट्टी कधी घेतली, मुलाला विमानात बसवलंय का, आई-बाबांना कुठे नेलंय का. सासूबाईंना काश्मीर दाखवायचं राहिलंय, हे मीच त्याला सांगितलं. पुढचे तीन तास तो तेच वाक्य फिरवून फिरवून माझ्यापुढे ठेवत होता.

आकडे त्याने एका कोऱ्या ए-फोर कागदावर मांडले. हॉटेलचा खर्च दरवर्षी 40,000, महागाई धरून 25 वर्षांत किती, आणि आमची मेंबरशिप फक्त 3,60,000. खाली हिरव्या पेनाने लिहिलं, 'दरवर्षी 6 रात्री 7 दिवस, कधीही, कुठेही' आणि त्याच्या पुढे '2 वीकेंड फ्री'. 'कधीही'खाली दोन रेघा ओढल्या. आमचा मुलगा कंटाळला होता. त्याने तोच कागद उलटा करून मागे जहाज काढलं. निघताना टेबलावरचे बाकीचे कागद त्या मुलाने गोळा केले, पण हा आमच्या मुलाने घडी घालून माझ्या पर्समध्ये टाकला, तिळगुळाच्या डब्याखाली. हा कागद पुढे आमच्या किती कामी येणार होता, याची तेव्हा कल्पनाही नव्हती.

मी दोनदा म्हटलं, घरी जाऊन विचार करतो. मग त्यांचा मॅनेजर आला. किंमत आजच्या दिवसापुरती, उद्या 60,000 ने जास्त. नवरा माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. 60,000 रुपये क्रेडिट कार्डावर स्वाइप केले, उरलेल्या रकमेचे व्याजासकट 9,500 रुपयांचे 36 हप्ते, त्यासाठी बँक खात्यातून थेट वळते करण्याचं नाच (NACH) मॅन्डेट, म्हणजे बँकेला दिलेली लेखी परवानगी. म्हणजे एकूण 4,02,000. ही बेरीज मी घरी आल्यावर केली. तिथे कोणी केली नाही, मीही नाही.

सह्या करण्याआधी एक व्हेरिफिकेशन कॉल झाला. टेबलावरच्या मुलाने आधीच सांगितलं होतं, 'मॅडम, सगळ्याला हो म्हणा, नाहीतर गिफ्ट रिलीज होत नाही.' फोनवरची मुलगी भराभर विचारत गेली: तुम्हाला अटी समजावल्या का, कोणतंही तोंडी आश्वासन दिलेलं नाही ना, करार वाचला का. आम्ही हो म्हणत गेलो. हे बोलणं रेकॉर्ड होतं. कुठेही असा फोन आला आणि करार हातात नसेल, तर तेवढंच सांगा, 'करार मला अजून मिळालेला नाही.' एवढं एक वाक्य रेकॉर्डवर असतं, तर पुढे आमचं काम खूप सोपं झालं असतं.

कराराची प्रत कुरिअरने 28 जानेवारीला आली. आत लिहिलं होतं की पैसे भरल्यापासून 10 दिवसांत रद्द केल्यास पूर्ण रक्कम परत. आम्हाला प्रत मिळाली तेराव्या दिवशी. युरोपात या प्रकारच्या विक्रीसाठी 2008 चा निर्देश आहे, त्यात 14 दिवसांत कारण न देता माघार घेता येते आणि तेवढ्या काळात ग्राहकाकडून आगाऊ पैसे घेण्यालाच मनाई आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी, म्हणजे अशा सुट्टीच्या मेंबरशिपसाठी, असा वेगळा कायदा नाही. करारात कंपनी जे लिहील ते, आणि ते अन्याय्य असेल तर ग्राहक आयोग. हे मला खूप नंतर समजलं.

आणखी एक गोष्ट तेव्हा समजली. आपण 'घेतलं' म्हणतो, पण घेतलेलं काहीच नसतं. ना खोली आपल्या नावावर, ना जमिनीचा तुकडा, ना कुठे नोंदणी. फक्त मागणी करण्याचा हक्क. प्रत्येक सोयीच्या वाक्यामागे तीन शब्द होते: सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी, म्हणजे जागा असेल तर. मी पेन्सिलने खुणा करत गेले, अकरा ठिकाणी सापडले.

मार्चपासून हप्ते सुरू झाले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी मे महिन्यासाठी महाबळेश्वर मागितलं. आधी वार्षिक देखभाल शुल्क भरा, मग बुकिंग, असं उत्तर आलं. 14,500 अधिक 18 टक्के जीएसटी, एकूण 17,110. भरले. मग सांगितलं की मे पूर्ण भरलाय, आणि तुमची मेंबरशिप पीक सीझनची नाहीच. पीक सीझन म्हणजे काय, तर उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळी, नाताळ आणि सगळे लाँग वीकेंड. शाळेत जाणारं मूल असलेल्या मुंबईकराला सुट्टी मिळते ती याच दिवसांत. तारकर्ली मागितलं, गोवा मागितलं. जुलैतलं एक ठिकाण देऊ केलं, ते मुलाच्या चाचणी परीक्षेत. दिवाळीसाठी सप्टेंबरमध्येच मेल केला, त्याचंही तेच उत्तर.

त्या दिवाळीत मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. जो रिसॉर्ट आम्हाला 'फुल' सांगितला, तोच त्याच तारखांना एका बुकिंग साइटवर कोणालाही 4,200 रुपयांना मिळत होता. मी त्याचा स्क्रीनशॉट काढला, तारीख आणि वेळ दिसेल असा. तुम्हीही असंच करा, नकार आला की त्याच मिनिटाला.

त्या रात्री वही घेऊन बसले. हप्ते धरून 4,02,000. देखभाल शुल्क एक रुपयाही वाढलं नाही असं धरलं तरी 25 वर्षांचे 4,27,750. दोन्ही मिळून 8,29,750. वर्षाला 33,190, आणि रात्री सहाच, म्हणजे एका रात्रीला साडेपाच हजारांच्या वर. जेवण वेगळं, प्रवास वेगळा. आणि देखभाल शुल्क वाढवण्याचा अधिकार करारात कंपनीकडे होता. एखाद्या वर्षी गेलो नाही तरी ते भरायचंच. आज मी 42 वर्षांची आहे. करार संपेल तेव्हा पासष्टी गाठलेली असेन, मुलगा कुठे असेल ठाऊक नाही, सासूबाईंचं तर बोलायलाच नको. 25 वर्षांनंतरची आपली सुट्टी आज कोणालाच ठरवता येत नाही, आणि ते वचन आम्ही सही करून दिलं होतं.

घरात यावर बोलणं अवघड झालं होतं. नवरा म्हणायचा, जाऊ दे, हप्ते संपतील. मी रागावले की तो गप्प बसायचा, आणि तो गप्प बसला की मला जास्त राग यायचा. सासूबाईंना आम्ही सांगितलंच नव्हतं. मार्च 2024 मध्ये दुसऱ्या वर्षाच्या देखभाल शुल्काचं बिल आलं, ते त्यांच्या हातात पडलं. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी चहा देताना म्हणाल्या, 'काश्मीर नाही बघितलं तरी चालेल गं, पण हे सोडव.' त्या दिवसापासून मी कामाला लागले.

आधी विकायचा प्रयत्न केला. विचारणाऱ्यांपैकी एकानेही पुढे फोन केला नाही, शिवाय नाव बदलून द्यायला कंपनीची ट्रान्सफर फी. मे महिन्यात एक अनोळखी फोन आला, तुमची मेंबरशिप तीन लाखांना विकून देतो, 8,500 प्रोसेसिंग आधी भरा. माझी माहिती त्यांच्याकडे कशी गेली, मला माहीत नाही. पैसे भरले नाहीत. मेंबरशिपमध्ये अडकलेल्या माणसाला असे फोन येतातच, आगाऊ रक्कम मागितली की फोन ठेवून द्या.

त्याच महिन्यात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवली. लगेच डॉकेट नंबर मिळाला. तीन आठवड्यांनी कंपनीचं उत्तर: सर्व काही करारानुसार आहे. तक्रार बंद. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ती मध्यस्थी करते. तरी ही पायरी गाळू नका. आपण वेळेत ओरड केली होती याचा तो पुरावा असतो, आणि कंपनीची भूमिका आपल्याला लेखी मिळते.

जूनमध्ये विलेपार्ल्याला मुंबई ग्राहक पंचायतीच्या ग्राहक भवनात गेले. तिथल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी माझी फाइल पान न पान वाचली. मी रडायच्या बेतात होते. त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, 'तोंडी जे सांगितलं, त्यातलं काही लेखी आहे का?' मी नाही म्हणाले. घरी आल्यावर रात्री दोन वाजता एकदम आठवलं. मुलाच्या चित्रांच्या फोल्डरमध्ये ते जहाज होतं. मागच्या बाजूला हिरव्या पेनाने 'कधीही', त्याखाली दोन रेघा.

त्यांनी मला तीन गोष्टी समजावल्या. एक, तक्रारीला कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत असते, तेव्हा बसून राहू नका. दोन, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. करारात वाद परराज्यातल्या शहरात लवादापुढे नेण्याचं कलम होतं, त्याचीच मला धास्ती होती. त्यावर त्यांनी एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणाचा दाखला दिला. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलंय की लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. तीन, वकील लागतोच असं नाही, आपली बाजू आपण मांडू शकतो.

हप्ते कसे थांबवायचे, हा नाजूक भाग. खात्यात पैसेच ठेवायचे नाहीत, असं बरेच जण सुचवतात. ते करू नका. पैसे अपुरे म्हणून नाच परत गेलं तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 25 खाली चेक बाउन्ससारखा फौजदारी गुन्हा होऊ शकतो, आणि कंपनीची पत्रं नेमकी त्याचीच भीती घालतात. आम्ही जुलैचा हप्ता जाऊ दिला, कंपनीला वाद असल्याचं लेखी कळवलं आणि मग बँकेत मॅन्डेट रद्द करण्याचा अर्ज दिला. काउंटरवर सांगितलं, कंपनीचं पत्र आणा. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, अर्जाच्या दोन प्रती नेल्या आणि म्हटलं, नाकारत असाल तर तसं लिहून द्या. अर्ज घेतला, दुसऱ्या प्रतीवर पोच मिळाली. चार दिवसांनी मॅन्डेट रद्द झालं. तोवर 17 हप्ते गेले होते. हप्त्यांचे 1,61,500, सुरुवातीचे 60,000 आणि देखभाल शुल्क 17,110, असे 2,38,610 आमच्या खिशातून गेले होते, आणि एक रात्रही कुठे राहिलो नव्हतो.

ऑगस्टमध्ये नोटीस पाठवली, माझीच, मराठीत लिहून मग इंग्रजीत करून घेतलेली. रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह, नोंदणीकृत कार्यालयाला आणि मुंबईच्या शाखेला. 15 दिवसांची मुदत दिली. पत्राने उत्तर आलं नाही. फोन मात्र दिवसाला चार येऊ लागले. ऑफिसात मीटिंगमध्ये असताना यायचे. मी प्रत्येक वेळी एकच सांगितलं, जे काही आहे ते मेलवर लिहा.

9 ऑक्टोबर 2024 ला तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-दाखिल या ऑनलाइन पोर्टलवर दाखल केली. (1 जानेवारी 2025 पासून त्याच्या जागी ई-जागृती आलंय.) भरलेली रक्कम 5 लाखांच्या आत असल्याने आयोगाची फी शून्य. तक्रार, तारखांची यादी, प्रतिज्ञापत्र, करार, पावत्या, मेल, स्क्रीनशॉट, असं सगळं मिळून 94 पानं झाली. मोबाइल आणि कॉम्प्युटरवरून काढलेल्या पुराव्यांसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. जुलै 2024 पूर्वी तेच 65-ब म्हणून ओळखलं जायचं आणि झेरॉक्सवाले, नोटरी अजून तेच नाव घेतात. माझ्या अर्जात पहिल्यांदा त्रुटी निघाली ती पानांचे क्रमांक अनुक्रमणिकेशी जुळत नव्हते म्हणून. शनिवारभर बसून पुन्हा क्रमांक घातले. नंतर कागदी संचही मागितले, आयोगासाठी आणि सामनेवाल्यांसाठी, म्हणजे कंपनीसाठी. नोटरी, झेरॉक्स, पोस्ट सगळं धरून माझे 3,000 च्या आत गेले.

मुंबई उपनगर जिल्हा आयोग वांद्रे पूर्वेला, चेतना कॉलेजजवळच्या प्रशासकीय इमारतीत आहे. पहिली तारीख 27 नोव्हेंबरची, विधानसभेचं मतदान होऊन आठवडा झाला होता. कांजूरवरून दादर, तिथून वांद्रे, पुढे शेअर रिक्षा. साडेदहाला पोचले. बोर्डावर आपला क्रमांक शोधायचा आणि बाकावर बसून राहायचं. माझा पुकारा झाला तेव्हा दीड वाजला होता, आणि बोलणं झालं चार मिनिटं. तक्रार दाखल करून घेतली, सामनेवाल्यांना नोटीस काढली. त्या चार मिनिटांसाठी मी रात्रभर पाठांतर केलं होतं. सदस्यांनी फक्त विचारलं, 'मुक्काम एकदाही झाला नाही?' मी म्हटलं, 'नाही, मॅडम.'

22 जानेवारी 2025 ला कंपनीचे वकील आले आणि लेखी कैफियतीसाठी, म्हणजे तक्रारीवरच्या उत्तरासाठी, मुदत घेतली. कायद्याने त्यांना 30 दिवस आणि जास्तीत जास्त आणखी 15 मिळतात. 12 मार्चला कैफियत आली: ग्राहकाने व्हेरिफिकेशन कॉलवर सगळं मान्य केलं आहे. ते वाचताना माझे हात थरथरत होते, कारण ते खरं होतं. मी प्रत्युत्तरात तेही नाकारलं नाही. लिहिलं, हो म्हणालो, पण तेव्हा करार आमच्या हातात नव्हता, तो 28 जानेवारीला आला, ही कुरिअरची पावती. आणि कोणतंही आश्वासन दिलं नव्हतं म्हणतात, तर हा कागद पाहावा. पुढच्या तारखेला मूळ कागद दाखवला. वकिलांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला. जहाजाच्या बाजूला जरा जास्तच वेळ पाहिला असं मला वाटलं.

त्यानंतर तडजोडीची भाषा आली. 18 जूनला मध्यस्थीसाठी बसलो. त्यांची पहिली तयारी होती ती पैसे नाहीत, पण मेंबरशिप वरच्या सीझनची करून देण्याची. मी नको म्हणाले. मग 90,000. मग सव्वा लाख. शेवटी 1,75,000 आणि सर्व देणी माफ. लढलो असतो तर पूर्ण रक्कम आणि नुकसानभरपाईही मिळाली असती, पण निकालानंतर अपील आणि पुढे वसुली धरून किती वर्षं लागतील, याचा विचार करून आम्ही दोघांनी ते मान्य केलं. 63,610 रुपये गेले. हा निर्णय प्रत्येकाने आपल्या परिस्थितीनुसार घ्यावा, आम्हाला घरातली शांतता हवी होती.

23 जुलैला तडजोडीच्या अटी लेखी नोंदवल्या. रक्कम 30 दिवसांत, आणि तक्रार निकाली काढण्याची पुरसीस (आयोगाला द्यायचं लेखी निवेदन) पैसे जमा झाल्यावरच. त्यांच्या मसुद्यात आधी पुरसीस, मग 45 दिवसांनी पैसे असं होतं. ग्राहक पंचायतीतल्या काकांनी ते वाक्य मला बदलून घ्यायला लावलं. 19 ऑगस्टला पावसाने मध्य रेल्वे ठप्प झाली. मी रात्री दहाला घरी पोचले. दुसऱ्या दिवशी दुपारी बँकेचा मेसेज आला. नवऱ्याला फोन केला तर त्याला बोलताच येईना. 10 सप्टेंबरला पुरसीस दिली आणि प्रकरण निकाली निघालं.

तरी एक काम उरलंच होतं. कंपनीकडून आलेल्या ना-देय प्रमाणपत्रावर मेंबरशिप नंबरचा एक आकडा चुकला होता. मी तीन मेल पाठवले, दुरुस्त प्रत ऑक्टोबरच्या सुरुवातीला आली. तोवर देखभाल शुल्काच्या थकबाकीसाठी दोनदा फोन आले होते. दुसऱ्या फोनवरचा मुलगा नवीन असावा, घाबरत घाबरत बोलत होता. मी त्याला आयोगाच्या आदेशाचा क्रमांक सांगितला, तो त्याने लिहून घेतला. त्यानंतर फोन आलेला नाही. प्रमाणपत्र एलआयसीच्या कागदांसोबत कपाटात आहे. हिरव्या पेनाचा कागद मुलाने मागून घेतला आणि जहाजाची बाजू वर ठेवून अभ्यासाच्या टेबलावर काचेखाली ठेवला.